विचार म्हणजे नुसता आरसा का?

प्रश्न : माझा एक मित्र ठासून सांगतो की विचार, कला, धर्म हे सगळं भोवतालच्या परिस्थितीचं प्रतिबिंब, बाकी काही नाही. 'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार' म्हणून विषयच संपवतो. पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर : त्याचं अर्धं बरोबर आहे म्हणूनच उत्तर सुचत नसेल. माणसाचं सामाजिक जगणं त्याची जाणीव ठरवतं, असं मार्क्सने १८५९ मध्ये लिहिलं आणि मित्र बहुतेक तिथूनच बोलतोय, पण त्याचाच साथीदार एंगेल्सने १८९० च्या एका पत्रात साफ सांगितलंय की आर्थिक बाजू शेवटी निर्णायक असली तरी तीच एकटी सगळं ठरवते असं आम्ही कधी म्हटलं नाही, आणि तरुण मंडळी तिच्यावर नको इतका भर देतात यात थोडा दोष मार्क्सचा नि माझाच. म्हणजे गुरू एवढे कडवे नव्हते, चेलेच जास्त!

आता आडाचं बघू. कार्डानो नावाच्या इटालियन गणितज्ञाने १५४५ च्या पुस्तकात एक गणित घातलंय : १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा. करून बघा, ५ आणि ५ घेतले तरी २५ च्या वर सरकतच नाही. त्याने काय केलं, उणे १५ चं वर्गमूळ एकदा ५ मध्ये मिळवलं, एकदा ५ मधून वजा केलं, आणि गुणाकार बरोब्बर ४०! कुठल्याच साध्या संख्येचा वर्ग उणे येत नाही, मग असलं वर्गमूळ जगातल्या कुठल्या वस्तूचं प्रतिबिंब, सांगा बरं? त्यालाही ते निरुपयोगीच वाटलं होतं. आणि १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने इलेक्ट्रॉनच्या वागण्याचं समीकरण मांडलं त्यात उणे संख्येचं असलंच वर्गमूळ, ज्याला काल्पनिक संख्या म्हणतात, येऊन बसलं.

शिवाय आरसा समोरच्याला बदलत नाही, विचार बदलतो. धडधाकट बँक बुडणार अशी नुसती अफवा उठू दे, सगळे एकदम पैसे काढायला धावतात, ठेवी तर कर्जात अडकलेल्या, आणि बँक खरंच बुडते. समाजशास्त्रज्ञ मर्टनने १९४८ मध्ये हेच उदाहरण दिलं होतं.

मित्र म्हणेल, कार्डानोला बीजगणित आयतं मिळालं, छापखाने होते म्हणून पुस्तक पसरलं. मान्य करून टाका, खरंच आहे ते. फक्त हे गणित अशक्य आहे असं स्वतःच लिहून पुढे तो गुणाकार करत बसला, ते कुठल्या परिस्थितीतून निघतं हे मात्र मित्राकडून ऐकायला आवडेल.