मेल आला की आली? आणि लिंक्स की लिंका?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या वाचक ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘मेल आला’ म्हणायचं की ‘मेल आली’? सूचनेत ‘खालील लिंक्स’ लिहावं की ‘खालील लिंका’? तिसरी गोष्ट म्हणजे खरं तर तक्रारच आहे. त्यांचे साहेब म्हणतात, कॉम्प्युटरची भाषा इंग्रजी, जगाचा व्यवहार इंग्रजीत, मग कामगारांना जाणारे एसएमएस तरी मराठीत कशाला? आणि इंग्रजी शब्दांना मराठी व्याकरण लावत बसणं म्हणजे तर रिकामपणचे उद्योग.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात आटोपतं. दोन्ही चालतं. इंग्रजीत वस्तूला लिंग नसतं. मराठीत लिंग ठरल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही. आला, आली, आलं यातलं काहीतरी निवडावंच लागतं. निवडताना आपण नकळत एखाद्या ओळखीच्या शब्दाचं बोट धरतो. निरोप मनात असला की मेल ‘आला’, चिठ्ठी मनात असली की ‘आली’. नाशिकरोड स्टेशनवर हा वादच नाही. तिथे पंजाब मेल आलीच, कारण ती गाडी. मी स्वतः ‘मेल आला’ म्हणतो. मेसेज आला, ओटीपी आला, यांच्या पंगतीत तो बरा बसतो. फाईल ती, पासवर्ड तो, ॲप ते, हे कुठल्या समितीने ठरवलेलं नाही, तरी नाशिकपासून नांदेडपर्यंत बहुतेक सगळे तेच म्हणतात. स्क्रीनचं मात्र अजून घरोघरी वेगळं आहे.

अनेकवचनाबाबत मी जरा हट्टी आहे. ‘लिंका’ लिहा. ऐकायला विचित्र वाटतं हे मान्य, पण दाखला तुमच्या गावातच आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून काय छापतात? नोटा. ‘नोट्स’ छापतात असं कोणी म्हणत नाही, कारण नोट्स क्लासच्या सरांच्या असतात. मूळ शब्द एकच, पण मराठीने त्याची दोन अनेकवचनं ठेवून घेतली आणि कामं वाटून दिली: नोटा खिशात, नोट्स दप्तरात. बँक-बँका तशीच, फाईल-फायलीही त्याच घरातली. मग लिंक-लिंका का नको? ‘लिंक्स’ लिहिलंत म्हणून काही बिघडणार नाही, फक्त तो ‘स’ इंग्रजीकडून उसना आणलेला आहे आणि घरात चांगला काना पडून आहे.

पण अनेकवचनापेक्षाही सामान्यरूप जास्त बोलकं असतं. विभक्ती लागताना शब्द वाकला की समजावं, तो मराठीत मुरला. नोटेवर, बँकेत, तिकिटाला, इंजिनाचा, हे सगळे मुरलेले. रेल्वेबरोबर आलेल्या शब्दांना दीड शतकाहून जास्त अवधी मिळालाय. याउलट सर्व्हरला, लॅपटॉपवर, पासवर्डमध्ये, हे ताठ उभे आहेत. ‘सर्व्हराला’ असं म्हणून बघा, हसू येईल. ‘लिंक’ तर मधेच अडकलाय. त्याचं ‘लिंका’ ऐकू यायला लागलंय, पण ‘लिंकेवर क्लिक करा’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. तेव्हा सूचनेत ‘खालील लिंका’ लिहा आणि पुढच्याच ओळीत ‘लिंकवर क्लिक करा’ लिहा. विसंगत दिसेल, पण आजची भाषा तशीच आहे. ओढूनताणून वाकवू नये.

क्रियापदांच्या बाबतीत आपण आणखीनच पक्के आहोत. मेसेज टाकतो, फोन लावतो, मिस्ड कॉल देतो, रिचार्ज मारतो, स्टेटस ठेवतो. नाव परक्याचं, पण त्याचं काय करायचं हे मराठी क्रियापद सांगतं, आणि टाकणं, लावणं, मारणं यांची अदलाबदल केली तर कोणताही मराठी माणूस तुम्हाला लगेच पकडेल. ‘स्टेटस मारला’ म्हणून बघा.

भाषाशुद्धीवाल्यांनाही मी हिणवणार नाही. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर. त्यांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आपण रोज वापरतो. नंतर आलेला ‘संगणक’ही टिकला, निदान दारावरच्या पाटीवर. बोलण्यात तो कॉम्प्युटरच आहे आणि मला त्याची चिंता वाटत नाही.

आता साहेब. जगाच्या व्यवहाराबद्दल त्यांचं बरोबर आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपात जायची तर बागेची नोंद अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ‘ग्रेपनेट’ प्रणालीत असावी लागते, आणि त्या नोंदी पलीकडच्याला वाचता येतील अशाच भाषेत हव्यात. तिथे मराठीचा हट्ट धरून कंटेनर हलणार नाही.

कॉम्प्युटरची भाषा इंग्रजी, हे मात्र खरं नाही. यंत्राला इंग्रजीही कळत नाही. त्याला आकड्यांचे नमुने कळतात. प्रोग्रॅम साध्या शब्दांत लिहिता यावेत म्हणून झटणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी १९५०च्या दशकात आपल्या वरिष्ठांना हेच दाखवायचा प्रयत्न केला. इंग्रजी आज्ञांच्या जागी फ्रेंच आणि जर्मन आज्ञा घालून तोच प्रोग्रॅम चालवता येतो, असं त्यांनी मांडलं. वरिष्ठ हबकले: अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कशी कळेल! गोष्ट हॉपरबाई स्वतःच पुढे रंगवून सांगत.

इंग्रजीचं वर्चस्व आहे ते वेगळ्या जागी, पायाभरणीत चिणलेलं. १९६३मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ हे अक्षरांना आकडे नेमून देणारं मानक ठरलं. पुढे स्थिरावलेल्या रूपात त्यात एकूण १२८ जागा, त्यातल्या ९५ छापता येणाऱ्या चिन्हांच्या. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं बसली आणि घर भरलं. बाकीच्या लिप्या नंतर आल्या त्या वरचे मजले चढवून. आपल्याकडे १९९१मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं, त्याच वर्षी जगातल्या लिप्या एकत्र सामावणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीला तिथे हक्काची जागा मिळाली. तरी मराठीचा स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं. तोवर ‘ॲप’ हा दोन अक्षरांचा शब्दसुद्धा जुगाड करूनच लिहावा लागे.

या पायाचं भाडं किती, ते त्र्यंबकेश्वरावरून मोजता येतं. डोळ्याला दिसतात पाच अक्षरं: त्र्यं, ब, के, श्व, र. यंत्र मात्र हलन्त, मात्रा, अनुस्वार सुटे मोजतं, म्हणजे तेरा. रोमी लिपीतल्या रूढ स्पेलिंगमध्येही अक्षरं तेराच! तेव्हा देवनागरी लांबलचक आहे हा आरोप इथे टिकत नाही. फरक पडतो तो जागेत. वेबवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत आस्कीच्या अक्षराला एक बाइट (आठ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या आठ खुणांची जागा) लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. रोमी त्र्यंबकेश्वर १३ बाइटांत, आपलं ३९ बाइटांत.

एसएमएसमध्ये हेच आणखी टोचतं. एका एसएमएसला १४० बाइट मिळतात. रोमी अक्षरं सात-सात बिटांत कोंबली की त्यात १६० बसतात. देवनागरी आली की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट (इथली पद्धत यूटीएफ-८हून वेगळी), म्हणून फक्त ७०. इंग्रजी मजकुरात एकच ‘ळ’ घातलात तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७०वर येते. मर्यादेपुढचा मेसेज तुकड्यांत जातो आणि घाऊक एसएमएसचे पैसे तुकड्यागणिक लागत असल्याने ७१व्या चिन्हाला बिल दुप्पट होतं. साहेबांच्या मनात हा खर्च असेल तर ती तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर इलाज आहे. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषा एका पट्ट्यात बसवल्या आहेत. सत्तर जागांत एक मराठी वाक्य बसवणं तेवढं अवघड नाही.

‘सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे कळविण्यात येते की’ ही सुरुवात आधी काढून टाका. निम्म्याहून जास्त जागा तीच खाते आणि कळत काहीच नाही. कारखान्यात बोलतात तसं लिहा: ‘उद्या सेकंड शिफ्ट बंद’. मधल्या मोकळ्या जागा धरून एकवीस चिन्हं झाली. उरलेल्या एकोणपन्नासात शिफ्ट का बंद आहे तेही सांगता येईल.