पेट्रोलवरचा कर कायमचा कमी करावा का?

प्रश्न : मी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज मोटारीने लांबचा प्रवास करतो. २०२२ साली आमच्या राज्याने पेट्रोलवरचा कर काही महिने माफ केला होता. तो कायमचाच कमी का करू नये? आणि कर माफ होऊनही पंपावरचा दर तेवढ्याने लगेच का उतरला नव्हता?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच दडलेले आहे. हा कर पंपावर भरला जात नाही. तो वरच्या टप्प्यावर घाऊक वितरकाकडून वसूल होतो आणि दरात मिसळून आपल्यापर्यंत येतो. १८ मार्च २०२२ रोजी जॉर्जियाने गॅलनमागे २९.१ सेंटचा कर थांबवला, तेव्हा पंपांच्या टाक्यांतला साठा आधीच्या दराने खरेदी केलेला होता आणि तो संपेपर्यंत दर उतरायला कोणतीही घाई नव्हती. पण अडचण तेवढीच नाही. तेलाची टंचाई असते तेव्हा गिऱ्हाईक चढा दरही मोजते, त्यामुळे माफ झालेल्या कराचा काही भाग विक्रेत्यांच्याच हाती राहतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन संस्थेतील अभ्यासकांनी त्या वर्षी केलेल्या अंदाजानुसार जॉर्जियात माफीचा ५८ ते ६५ टक्के, तर त्याच सुमारास कर माफ करणाऱ्या मेरीलँड राज्यात ७२ टक्के लाभ वाहनचालकांपर्यंत पोहोचला. म्हणजे दिलासा खरा होता, मात्र तो पूर्ण नव्हता.

आता मुख्य मुद्दा. वर्षाला १२,००० मैल धावणारी आणि गॅलनला २५ मैल देणारी गाडी ४८० गॅलन पेट्रोल पिते. पूर्ण माफी धरली तरी तिच्या मालकाचे वर्षाला सुमारे १४० डॉलर वाचतात. मोठा पिकअप ट्रक चालवणाऱ्याचे याहून बरेच जास्त वाचतात आणि बसने कामावर जाणाऱ्याच्या हाती थेट काहीच पडत नाही. याउलट राज्याचे नुकसान मोठे असते, कारण जॉर्जियाच्या राज्यघटनेने इंधनकराचे उत्पन्न रस्ते व पुलांसाठी राखून ठेवले आहे. त्या वेळी तिजोरीत शिल्लक होती म्हणून ती तूट भरून काढता आली. ती माफी १० जानेवारी २०२३ पर्यंत चालली आणि तिचा बोजा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. कर कायमचा उतरवायचा, तर अशी शिल्लक दरवर्षी कोठून आणणार? आधीच इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हे उत्पन्न पातळ होऊ लागले आहे. केंद्राचा १८.४ सेंटचा करही १९९३ पासून तसाच आहे आणि महागाईने त्याची किंमत खूपच घटवली आहे.

तात्पुरत्या माफीलाही एक शेपूट असते. मेरीलँडने तीस दिवसांनी ३६.१ सेंटचा कर पुन्हा लावला आणि १ जुलै २०२२ पासून महागाईशी जोडलेल्या नियमानुसार तो ४२.७ सेंट झाला. आधी सवलत घेतलेल्या चालकांना ती वाढ अधिकच बोचली असणार.

म्हणून माझ्या मते दर अचानक भडकले आणि तिजोरीत शिल्लक असली, तर काही महिन्यांची माफी समर्थनीय ठरते. कायमची कपात नव्हे. खरे तर त्याच शिलकीचा अधिक चांगला उपयोग आपल्याच राज्याने २०२२ मध्ये केला होता. आयकर भरणाऱ्या एकट्या व्यक्तीला कमाल २५० आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला कमाल ५०० डॉलर परत मिळाले. आयकर लागू नसलेले गरीब त्यातून वगळले गेले, ही त्यातली उणीव. पण वर सांगितलेल्या गाडीच्या मालकाला दहा महिन्यांच्या करमाफीतून, व्हार्टनच्या प्रमाणाने, सुमारे ६५ ते ७५ डॉलरच मिळाले असते.