अडकायचेच तर घरी अडक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. अमेरिकेत नोकरी करण्याच्या तुझ्या एच-१बी व्हिसाची मुदत संपली आहे, आजीचे सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आले आहे, आणि स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टावर नवा व्हिसा उमटवून घेणे, मुंबईला करावे, टोरांटोला उरकावे की अमेरिकेतच नूतनीकरण सुरू होण्याची वाट पाहावी, या तिढ्यात तुझी झोप उडाली आहे. मुदत संपली ती पासपोर्टावरच्या व्हिसाची, आणि तो देशात शिरण्यापुरता असतो. तुझ्या राहण्याची तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते. कंपनीने तुझ्या नोकरीसाठी केलेला सरकारी अर्ज, म्हणजे पिटिशन, वाढवून घेतल्यामुळे ती अजून लांब आहे. प्रश्न सुरू होतो तो बाहेर पडल्यावर.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: जिथे अडकून पडलो तरी चालेल, तिथेच पासपोर्ट जमा करावा.

टोरांटोचा सल्ला देणाऱ्या तुझ्या मित्राला हा नियम लावून बघ. तिथे तू पाहुणा. २२१-जीची, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याची, चिठ्ठी हाती पडली की हॉटेलच्या बिलाशिवाय तुझे तिथे कोणी नाही. व्हिसा मिळाला नाही तरी कॅनडातून ३० दिवसांच्या आत जुन्या व्हिसावर परतता येते, असे तो म्हणतो. सवलत खरी आहे, पण तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केलास की तिचा आधार उरत नाही, हे तो सांगत नाही. शिवाय आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावले आहे. अमेरिकेतल्या नूतनीकरणाचे म्हणशील, तर ती सोय २००४ मध्ये बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला २०,००० अर्जांपुरता प्रयोग झाला, तोही संपला. त्याच्या भरवशावर आजीचा सोहळा थांबणार आहे का?

मुंबईत सारे सुरळीत होईल, असे मी म्हणत नाही. मुलाखतीविना कागद जमा करायची ड्रॉपबॉक्सची सोय गेली, मुलाखत द्यावीच लागेल. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांची तपासणी एच-१बीवाल्यांनाही लागू झाली, तेव्हा भारतातल्या कितीतरी जणांच्या तारखा पुढच्या मार्चवर किंवा त्याही पलीकडे गेल्या. पण ती माणसे अडकली ती आपल्या घरी.

मीही असाच इथे कोल्हापुरात अडकलो होतो. पासपोर्ट वकिलातीत आणि मी मंगळवार पेठेत, सकाळी उठून अर्जाची स्थिती पाहायची, तेच शब्द पुन्हा वाचायचे, आणि दुधाला खाली उतरलो की कोणीतरी हटकायचेच, "काय, रजा वाढली वाटतं?" तोवर माझा प्रकल्प दुसऱ्याच्या हाती गेला, आणि ते आजही डाचते. मेक्सिकोत उरकायला हवे होते, असे सहकारी अजून ऐकवतात. मला ते पटलेले नाही आणि पटणारही नाही, कारण त्याच मुक्कामात वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी जवळ राहून करून घेतली. परक्या गावच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून प्रकल्प वाचला असता, असे तरी कोणी छातीठोकपणे सांगावे!

तू मात्र आठवडाभराच्या रजेवर येऊन सगळे उरकणार असल्याचे लिहितोस, ते वाचून राग आला. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, पासपोर्ट त्यानंतर येतो, आणि तो कधी येईल हे तुझ्या हाती नाही. अडकण्याची तयारी ठेवूनच ये. लांबल्यास भारतातून काम करता येईल की नाही, हे व्यवस्थापकाकडून आणि कंपनीच्या वकिलाकडून लेखी घे. तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस, ती माणसे बदलतात. तिथल्या घरभाड्याची सोय लाव. आय-७९७ या पिटिशनच्या मंजुरीपत्राची मूळ प्रत मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेव. फोटो राजारामपुरीत काढू: दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून.

ते लेखी उत्तर आल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नकोस, आणि परतीची तारीख बदलता येईल असेच काढ. मुंबईची तारीख मिळाली की कळव. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण मी इथून करतो.

तुझा,
काका