रोल घरीच धुवा, फक्त तापमान सांभाळा

वडिलांचा कॅमेरा चालू आहे, गावातले लॅबवाले ब्लॅक अँड व्हाइट रोल घेत नाहीत, घरी डार्करूम नाही, मग डिजिटलवर काढून रंग उडवले तर काय बिघडलं, असं विचारलंय तुम्ही. बिघडत काहीच नाही, तसंही सुंदर काम होतं. पण रोलमधलं अर्धं काम धुण्यात, म्हणजे रसायनात घालून चित्र उमटवण्यात असतं, कॉन्ट्रास्ट किती ठेवायचा ते तिथे आपल्या हातात येतं, म्हणून मी तरी म्हणेन घरीच धुवा. डार्करूम नकोच. अंधार फक्त रोल रीलवर (फिल्म गुंडाळायची चकरी) चढवून टँकचं (उजेड आत न येऊ देणारा डबा) झाकण लावेपर्यंत, त्याला चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालून काम करायची उजेडबंद पिशवी पुरते, पुढचं सगळं ओट्यावर लख्ख उजेडात. (रील खडखडीत कोरडं हवं, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या रीलवर रोल हमखास अडकतो.) आणि कुणी "कलरच्या मशीनमध्ये टाकून देतो" म्हणालं तर रोल परत घ्या, त्या प्रोसेसमध्ये चित्र ज्या चांदीचं बनतं ती सगळी निघून जाते आणि कोरी फिल्म हातात येते. इलफर्डचा एक्सपी२ हा ब्लॅक अँड व्हाइट रोल तेवढा अपवाद, तो त्याच प्रोसेससाठी बनवलाय.

खरी अडचण आपल्याकडे उन्हाळ्याची. धुण्याच्या वेळेचे सगळे तक्ते २० अंशांचे आणि एप्रिलमध्ये नळाचं पाणीच ३० च्या पुढे. इलफर्डच्या एचपी५ या ४०० च्या रोलला डी-७६ या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणारं रसायन) स्टॉकमध्ये, म्हणजे आणखी पाणी न घालता, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, ३० ला ती इतकी कमी होतात की डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचायच्या आतच वेळ संपते आणि आकाशात पट्टे दिसतात. म्हणून डेव्हलपर १+१ करा, म्हणजे जेवढा डेव्हलपर तेवढंच पाणी. मग २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला साडेसातच्या आसपास, आणि २४ गाठणं जमतं हो. पुण्याकडे किंवा विदर्भात हवा कोरडी असते तेव्हा माठातलं पाणी छान कामाला येतं, मुंबई-कोकणात दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, तिथे टबात बर्फ घालून बाटल्या त्यात ठेवायच्या. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, पातळ होतो. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा, गार डेव्हलपरनंतर एकदम गरम पाणी लागलं तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या परत जात नाहीत.

फिक्सर चांगला आहे का हे आधीच बघा, रोलच्या टोकाचा तुकडा कापून त्यात टाका, तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बोअरच्या पाण्याचे डाग निगेटिव्हवर बसतात.

आणि फोटो काढताना कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या जुन्या मीटरवर विसंबू नका, त्यातले बरेच पाऱ्याच्या १.३५ व्होल्ट बॅटरीवर चालायचे, त्या आता मिळत नाहीत आणि दीड व्होल्टची घातली की रीडिंग चुकू शकतं. आयएसओ ४०० च्या फिल्मला भर उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद ठेवा, सावलीत मोबाइलवरचं मीटर ॲप वापरा, शंका आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या.