लिनक्स शिकायला ७८ हजारांचा लॅपटॉप लागतो का? अंबाजोगाईच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ताईंची मुलगी लातूरला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅबमध्ये लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवायला लागल्यापासून तिला त्यातच पुढे जायचंय, सर म्हणाले स्वतःच्या मशीनवर टाकून बघ. दुकानदार म्हणतो त्याला आय सेव्हन, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, ७८ हजार, हप्ते करून देतो. ताईंकडे भिशीचे ३० हजार आहेत, घरी दिरांचा २०१३ चा डेस्कटॉप धूळ खात पडलाय, आणि मिस्टरांना भीती की पोरीने काही उलटसुलट केलं तर एवढी महाग वस्तू बाद व्हायची.

ताई, हप्त्यावर काही घेऊ नका. ३० हजारांत काम होतं, त्यातलेही थोडे उरावेत.

लिनक्सला भारी मशीन लागतं हे खरं नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत शिकत असताना घरच्या ३८६ प्रोसेसरच्या साध्या पीसीवर ते लिहायला घेतलं, आणि आज जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून एकूणएक लिनक्सवर आहे, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो. म्हणजे मशीन किती मोठं हवं हे तिला त्यावर काय करायचंय यावर ठरतं. तिला करायचंय काय, तर टर्मिनलवर (कमांड टाइप करून) काम, फायलींच्या परमिशन, युजर बनवणं, सर्व्हिस चालू-बंद करणं, लॉग (सिस्टिमच्या नोंदी) वाचणं, नेटवर्क, थोडं स्क्रिप्टिंग. यातल्या कशालाच ग्राफिक्स कार्ड लागत नाही. उलट एनव्हिडियाचं कार्ड असलं की त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवा, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच अडवणारी सोय) चालू असेल तर त्याची वेगळी भानगड, आणि कधी कर्नल अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी. नवशिक्या पोरीला पहिल्याच महिन्यात ही डोकेदुखी कशाला.

आता मिस्टरांच्या भीतीबद्दल, कारण मला खरा मुद्दा तिथेच दिसतो. शिकताना ती सिस्टिम बिघडवणारच. पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) चुकेल, भलत्याच फोल्डरची परमिशन बदलेल, एक दिवस मशीन बूटच होणार नाही, आणि ते परत उभं करताना तिला जे कळेल ते वर्गात बसून कळत नाही. पण त्यात हार्डवेअर खराब होत नाही, हे मिस्टरांना नीट सांगा. पेन ड्राइव्ह लावायचा आणि सिस्टिम पुन्हा टाकायची, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) असेल तर साधारण अर्ध्या तासाचं काम. फायलींची कॉपी दुसरीकडे असली की झालं. मात्र हप्ते चालू असलेल्या महागड्या लॅपटॉपवर ती हे करायला घाबरेल, तुम्हीही दर फोनला विचाराल नीट चाललंय ना, आणि मग ती फक्त ब्राउझर उघडून व्हिडिओ बघत बसेल. म्हणून असं मशीन द्या जे पूर्ण पुसायला तिला कुणाची परवानगी लागणार नाही, आणि ते तिचं एकटीचं असू द्या, मिस्टरांच्या हिशोबाच्या फायली त्यावर नकोत.

मी सुचवेन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, बिझनेस लॅपटॉप. लेनोवो थिंकपॅड टी ४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी ५, ही तिन्ही साधारण २०१८ ची आणि ऑफिसांतून मोठ्या संख्येने बाहेर आलेली मॉडेल्स. त्याआधीच्या पिढीचे अजून स्वस्त मिळतात, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. लिनक्सला तसलं बंधन नाही. तरी फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर आठवी पिढीच घ्या, कारण या लॅपटॉपांतल्या सातव्या पिढीच्या आय फाइव्हला दोन कोअर असायचे, आठवीत चार झाले, आणि पुढे ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एकाच मशीनवर दोन-तीन लिनक्स चालवायला लागली की हे चार कोअर कामाला येतात. कॉलेजला कधी विंडोजच हवं म्हणाले तर तीही सोय राहते. रॅम ८ जीबी, पण वाढवता येणारी, टी ४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. २५६ जीबी एसएसडी भरपूर झाली. वायफाय कार्ड इंटेलचं असेल तर डोळे झाकून घ्या, ब्रॉडकॉम आणि काही रियलटेक कार्डं त्रास देतात.

एवढ्याच पैशात कोरा करकरीत लॅपटॉप दाखवतील, सेलेरॉन प्रोसेसर, बोर्डवरच चिकटवलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज. दिसायला छान असतो पण घेऊ नका, त्यात पुढे काहीच वाढवता येत नाही.

खरेदीला मुलीलाच पुढे करा. जाताना तिने लिनक्स मिंट (नवशिक्यांना सोपी अशी लिनक्सची आवृत्ती) टाकलेला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह सोबत न्यावा, थिंकपॅड आणि डेलला सुरू होताना एफ १२, एचपीला एफ ९ दाबलं की त्यावरून बूट करता येतं, काही इन्स्टॉल न करता सगळं तपासता येतं. वायफाय जोडून बघायचं, आवाज, कॅमेरा, कीबोर्डचं प्रत्येक बटण, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरलीय. आणि बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला) सुपरवायझर पासवर्ड नाही ना हे नक्की बघा, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असला तर तो सहजासहजी निघत नाही.

दिरांचा डेस्कटॉप भंगारात देऊ नका हं. तुम्ही लिहिलंय त्यात आय थ्री आणि ४ जीबी रॅम आहे, एक छोटी एसएसडी टाकली की लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर व्यवस्थित चालेल. सुट्टीत घरी आली की तिने त्यावर एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारा) बसवावा आणि मॉनिटर काढून लॅपटॉपवरून तो चालवावा. तिला ज्या नोकऱ्या करायच्यात, सिस्टिम ॲडमिन, क्लाउड सपोर्ट, पुढे डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं आणि चालवणं यांना जोडणारं काम), त्यात सर्व्हर समोर नसतोच, असाच लांबून सांभाळायचा असतो.

क्लासला लगेच पैसे भरू नका. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून फुकट आहेत, सुरुवात तिथून करू दे. आरएचसीएसए ही रेड हॅट या लिनक्स कंपनीची परीक्षा पूर्ण प्रॅक्टिकल असते, मशीन समोर ठेवून कामं करून दाखवायची, त्यामुळे वर्षभर हात बसू दे आणि उरलेले पैसे त्या फीसाठी बाजूला ठेवा.

बिलावर सिरियल नंबर आणि वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्या, तोंडी नको. आणि पेन ड्राइव्ह लावू देणार नाही म्हणाला तर वाद घालू नका, सरळ पुढच्या दुकानात जा.