ऊस ट्रॉलीच्या चेसीला वेल्डिंग करूनही पुन्हा पुन्हा तडा जातो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पाट्याच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ चॅनेलला, म्हणजे चेसीच्या लांब पोलादी तुळईला, तडा गेला, वेल्डिंग केलं, वरून जाड पट्टी मारली, तरी दीड महिन्यात पट्टीच्या टोकालाच नवा तडा आला. लातूरला माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गळीत हंगामात अशा ट्रॉल्या सारख्या दारात येतात, आणि बहुतेकींचं दुखणं हेच असतं.

तुमच्या वेल्डरनं रॉड कमी घातला म्हणून हे झालेलं नाही. तडा पट्टीच्या टोकानं दिलाय. लोखंड एका दणक्यात तुटत नाही, थकतं. पाणंदीवरून डांबरी रस्त्यावर चढताना, प्रत्येक खड्ड्यात चॅनेल वाकतं आणि सरळ होतं. वेल्डिंगचा भर जिथं मूळ लोखंडाला टेकतो, त्या काठावर आकार एकदम बदलतो. ताण तिथंच गोळा होतो. त्यात वेल्ड थंड होताना आकसतो आणि आपला ताण आत ठेवून जातो. म्हणून भारी ग्रेडचं पोलाद वापरूनही वेल्डच्या जागी थकव्याचं आयुष्य, म्हणजे थकून तडा जाईपर्यंतचा काळ, फारसं वाढत नाही. ताण कमी केला तरच वाढतं, आणि तेही झपाट्यानं: आयुष्य साधारण ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं. ताण दीडपट झाला की आयुष्य तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातं. चार खेपांचा ऊस तीन खेपांत नेला तर ते निम्म्याहून कमी होतं.

दुरुस्तीला ट्रॉली रिकामी करा, चेसीला खालून आधार द्या, जुनी पट्टी काढून टाका. रंग आणि गंज घासा. तड्याचं खरं टोक दिसतं त्याच्या पुढं असतं. डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मिळालं तर उत्तम. नाहीतर रॉकेल लावून थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा, ओली रेघ टोक दाखवते. मग रॉकेल पूर्ण साफ करून ग्राइंडरनं तडा मुळापासून काढा. नुसता वरून भर घातला तर आतली चीर तशीच वाढत राहते. व्ही खाच करून ७०१८ या कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडनं भरा. रॉड ओव्हनमध्ये सुकवलेले हवेत. दमट रॉडमधला हायड्रोजन स्वतःच तडा पाडतो. मागची बाजूही घासून भरा. शेवटी भर सपाट करा, पण ग्राइंडरचे ओरखडे चॅनेलच्या लांबीच्या दिशेनंच पडू द्या. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात.

पट्टी लावायचीच असेल तर चॅनेलच्या उभ्या पोटावर लावा आणि तिची टोकं निमुळती करा. वरच्या-खालच्या फ्लँजवर (चॅनेलच्या आडव्या कडांवर) आडवं वेल्डिंग नको.

हंगाम ऐन भरात असेल तर तड्याच्या टोकाच्या किंचित पुढं, टोक भोकात येईल असं १०-१२ मिमीचं भोक पाडून थोडे दिवस काढता येतात. तेवढे दिवस कमी भरा आणि ट्रॉली रोज तपासा.

दोरखंडाचे हुकही चेसीच्या फ्लँजला वेल्ड करू नका. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा तेलकामगारांच्या राहण्याचा तरंगता तळ उलटला, १२३ माणसं गेली. तडा सुरू झाला होता एका लहानशा उपकरणाचा आधार जोडणाऱ्या ६ मिमीच्या वेल्डपासून.

आणि दुसऱ्या बाजूचं चॅनेल आजच घासून बघा. त्यानंही तेवढ्याच खेपा केल्यात.