शाळेत प्राण्यांचे विच्छेदन हवे का?

'पुण्यातील शाळांत बेडकाचे विच्छेदन पुन्हा सुरू केल्यास मुले जीवशास्त्र चांगले शिकतील का?' या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, मात्र विच्छेदनाचा शैक्षणिक उपयोगच नाही, हे मला मान्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांसाठीही प्राण्यांचे विच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले, तेव्हा शाळेसाठी बेडूक मारण्याचे समर्थन करणे अवघडच आहे.

शिवाय बेडकाच्या हृदयाला तीनच कप्पे असतात आणि आपण मुलांना शिकवतो ते चार कप्प्यांचे. त्यापेक्षा शिवाजी मार्केटसारख्या ठिकाणाहून बकऱ्याचे हृदय आणावे (खाटकाला आधीच सांगावे, नाहीतर तो सवयीने चीर देऊन मोकळा होतो). महाधमनीत वरून पाणी ओतले की झडपा मिटतात आणि पाणी बहुतांशी वरच अडते. मग उभा छेद घेतल्यावर खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड असल्याचे बोटांनाच कळते, कारण उजव्या कप्प्याला रक्त फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते, तर डाव्याला सर्व शरीरभर. हा फरक आकृतीत दिसतो, पण पटत नाही. संगणकावरील प्रतिरूप अवयवांची जागा उत्तम दाखवते. ऊतींचा चिवटपणा मात्र त्यातून समजत नाही.

पालकांची संमती आधी घ्यावी, आणि ज्यांच्या घरी मांस वर्ज्य आहे त्यांना जास्वंदीच्या फुलाचा छेद द्यावा.